रात्रीच्या फोनला पाळी लावा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, सांगली
आणि जिल्ह्यातल्या सर्व दूध संघांचे संचालक

विषय : पशुवैद्यकांवरचा कामाचा ताण, त्याची कारणं आणि करता येण्यासारख्या गोष्टी

महोदय,

ताणाचा विषय निघाला की आपल्याकडं उत्तर तयार असतं. योगशिबिर, एखादं व्याख्यान, जमलंच तर 'मन खंबीर ठेवा' असं पोस्टर. योगाशी आमचं भांडण नाही. पण रात्री दोनला अडलेली म्हैस सोडवायला गेलेला माणूस पहाटे सहाच्या शिबिराला येणार कसा, हे कुणीतरी सांगावं. आमच्या ताणाचा बराचसा भाग वेळापत्रकातच शिवलेला आहे. म्हणून या पत्रात मनाविषयी थोडं आणि पाळी, गाडी, नोंदी, दाखले आणि कपाटाची किल्ली यांविषयी जास्त लिहिलं आहे.

'डॉक्टर, म्हस अडल्या, लगेच या.' रात्रीचा फोन एवढाच असतो. त्यामागं काम किती, हे कुठल्याच अहवालात येत नाही. अहवालात 'प्रसूती : १' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

म्हैस अडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे गर्भाशयाला पडलेला पीळ. बहुतेक वेळा तो उजवीकडं असतो, पण गृहीत धरून चालत नाही. योनीतून आणि गुदमार्गातून हात घालून पीळ कुठल्या बाजूला आणि किती आहे हे आधी ठरवावं लागतं. मग ज्या बाजूला पीळ, त्याच कुशीवर म्हैस पाडायची. पुढचे दोन पाय एकत्र बांधायचे, मागचे दोन एकत्र. नऊ-दहा फुटांची फळी वरच्या कुशीवर ठेवून तिचं एक टोक जमिनीला टेकवायचं, फळीवर एक माणूस उभा करायचा आणि म्हैस त्याच बाजूला सावकाश लोळवायची. लोळवून झालं की पुन्हा हात घालून बघायचं. नाही सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. याला पाच-सहा माणसं लागतात, आणि मळ्यातल्या वस्तीवर रात्री दोनला पाच-सहा माणसं उठवणं हे स्वतंत्र कामच आहे. पीळ सुटला म्हणजे काम संपलं असंही नाही. पीळ पडून दीड दिवस उलटला असेल तर गर्भाशयाचं तोंड बहुतेकदा उघडत नाही. मग सिझेरियन. लिग्नोकेननं कूस बधिर करायची, बॅटरीच्या उजेडात रेडकू बाहेर काढायचं, गर्भाशयाला कॅटगटच्या टाक्यांचे दोन थर, मग स्नायू, मग कातडी. सगळं सरळ गेलं तरी दीड-दोन तास.

सरळ जात नाही ते का, हेही सांगायला हवं. पाणमोट फुटून दोन तास झाले आणि पुढं काहीच सरकलं नाही, तर तेव्हाच फोन यायला हवा. तो येत नाही. आधी गावातला जाणता माणूस हात घालतो. मग दिसणाऱ्या पायाला दोरी बांधून चौघं ओढतात. योनीला सूज येते, आतला ओलावा संपतो, वासरू मरतं, आणि मग सगळे उपाय थकल्यावर डॉक्टरला फोन जातो. डॉक्टरचा हात शेवटचा असतो, म्हणून दोषही त्याच्याच हाताला लागतो. 'डॉक्टर आला आणि म्हस गेली' हे वाक्य गावात चार दिवस फिरतं. घरच्यांचं दुःख खोटं नसतं. कर्ज काढून घेतलेली म्हैस डोळ्यांदेखत जाते तेव्हा माणूस कुणावर तरी ओरडणारच. पण महिन्यातून कितीदा तरी ते ओरडणं पोटात घेऊन सकाळी दवाखाना उघडायचा, याला नोकरीच्या नियमावलीत काही नाव नाही.

आता दुसरं टोक बघा. नुकतीच व्यायलेली गाय दूधज्वरानं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटल्यानं, आडवी पडली आहे. उपाय सोपा आणि जवळजवळ जादूसारखा आहे. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करायची आणि शिरेतून सोडायची, की थोड्या वेळात गाय उठून उभी राहते. पण ती बाटली पंधरा-वीस मिनिटं लावून, एका हातात स्टेथोस्कोप धरून, हृदयाचे ठोके ऐकत सोडावी लागते. घाई झाली तर हृदय बंद पडतं. रात्रभर न झोपलेल्या माणसाला नेमकी हीच पंधरा मिनिटं कठीण जातात. डोळा लागतो, नळी मोकळी सुटते. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची कामातली चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. त्या अवस्थेत आम्ही शिरेत औषध सोडतो आणि मग मोटारसायकलवरून घरी येतो. गळिताच्या हंगामात, पलूस-वाळव्याच्या रस्त्यांवर, मागं लाल दिवा तर सोडाच पण रिफ्लेक्टरही नसलेल्या ऊसाच्या ट्रॉल्यांमधून.

यावर आमची मागणी अशी. तालुक्यातले शेजारशेजारचे चार-पाच दवाखाने मिळून एक गट करा आणि रात्रीचं काम गटात पाळीनं वाटा. म्हणजे एका डॉक्टरला चार-पाच रात्रींतून एक रात्र, आणि उरलेल्या रात्री फोन बंद ठेवून झोपायची लेखी मुभा. 'लेखी' हा शब्द महत्त्वाचा आहे. तोंडी मुभा पहिल्या तक्रारीला उडून जाते.

असा प्रयत्न नुसत्या एका परिपत्रकानं केला तर फसेल, हे आधीच सांगून ठेवतो. पहिली अडचण फोन नंबरची. शेतकऱ्याकडं त्याच्या डॉक्टरचा खासगी नंबर असतो आणि तो तोच लावणार. म्हणून प्रत्येक गटाला एक वेगळं सिमकार्ड हवं. ज्याची पाळी त्याच्या हातात तो फोन. हा नंबर दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीत आणि जमलं तर दुधाच्या बिलाच्या मागं छापायचा. दूध संघांनी एवढं केलं तरी आठवड्याभरात नंबर घरोघर पोचेल, कारण दुधाचं बिल न वाचणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

दुसरी अडचण दुसऱ्या दिवसाची. रात्रपाळी झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी, असं लिहिलेलं असलं तरी त्याच सकाळी पंचायत समितीत आढावा बैठक लागते. रात्रपाळीवाल्याला बैठकीतून वगळा किंवा बैठक दुपारी तीनला घ्या. तिसरी अडचण रिकाम्या जागांची. पद रिक्त झालं की शेजारच्या डॉक्टरकडं अतिरिक्त कार्यभार जातो आणि तो 'तात्पुरता' कार्यभार वर्षभर तसाच राहतो. एकाच माणसाकडं गटातले दोन दवाखाने असतील तर पाळी कागदावर चौघांची आणि प्रत्यक्षात तिघांची होते. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ साली ५,००० पशुघटकांमागं (एक मोठं जनावर म्हणजे एक घटक) एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं होतं. तो हिशेब कधी पुरा व्हायचा तो होवो. पण अतिरिक्त कार्यभाराला मुदत घाला, आणि मुदत संपल्यावर तो दुसऱ्याकडं फिरवा, एवढं तर उद्या सकाळी करता येईल. जतच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या हद्दीकडं, दवाखान्यांमधली अंतरंच इतकी आहेत की पाचाचा गट जमणार नाही. तिथं तिघांचा गट आणि हक्काची गाडी लागेल. आणि तिथं जाणाऱ्याला थोडी कन्नड येत असेल तर निम्म्या गैरसमजांना जागाच राहणार नाही.

गाडीबद्दल. १९६२ या टोल-फ्री क्रमांकाची फिरती पथकं आहेत. त्यांत डॉक्टर असतो, मदतनीस असतो, चालक असतो. रात्रीच्या पाळीसाठी दोन गटांमागं अशी एक गाडी मिळाली तर डॉक्टर एकटा जाणार नाही. अनोळखी वस्तीवर मध्यरात्री एकटीनं जाणाऱ्या महिला डॉक्टरांसाठी चालक आणि मदतनीस ही चैन नाही, आणि हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. गाडीत काय हवं तेही ठरलेलं असावं : वासरू ओढायच्या उकळलेल्या दोऱ्या, ती फळी, खांद्यापर्यंतचे हातमोजे, कपाळाला बांधायची बॅटरी, लिग्नोकेन, कॅल्शियमच्या बाटल्या, ऑक्सिटोसिन, कॅटगट, पोटफुगीसाठी ट्रोकार, आणि पाणी गरम करायला काहीतरी. पेटी भरायची जबाबदारी पाळी संपवणाऱ्याची. पाळी सुरू करणाऱ्यावर ती टाकली तर पहिल्याच फोनला दोरी नसते.

शेतकऱ्यानं फोनवर काय सांगावं, हेही नंबरासोबत छापा. कळा कधीपासून? पाणमोट फुटून किती वेळ झाला? पाय दिसतात का, आणि किती? कुणी हात घातला आहे का? या चार उत्तरांवरून डॉक्टरला निघतानाच कळतं की गाडीत सिझेरियनची तयारी घ्यायची की नुसता धीर द्यायचा.

एक आक्षेप येईल : आपल्या डॉक्टरला जनावराचा इतिहास ठाऊक असतो, पाळीवाल्याला नसतो. आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तर म्हणजे जनावराचं कार्ड गोठ्यातच ठेवणं. पण झोप झालेला अनोळखी डॉक्टर आणि झोप न झालेला ओळखीचा डॉक्टर यांतून निवडायचं झालं, तर आम्ही आमच्या स्वतःच्या म्हशीसाठी झोप झालेल्यालाच बोलावू.

दिवसाच्या कामाकडं येतो. लाळ्या-खुरकुताची फेरी सहा महिन्यांनी येते. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही, उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची. पहाटे जनावरं बांधलेली असताना गोठे गाठायचे. इथपर्यंत आमची तक्रार नाही, हे आमचंच काम आहे. ताण येतो तो पुढच्या नोंदीचा. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक ॲपमध्ये भरायचा. बिल्ला शेणानं माखलेला असतो, एखादा तुटून पडलेला असतो. मालक रानात, त्याचा मोबाईल पोराकडं आणि पोरगं पुण्याला. शिराळ्याच्या डोंगरकपारीत रेंजच नसते. एका नोंदीला दोनच मिनिटं धरली तरी १०० जनावरांना तीन तास वीस मिनिटं होतात. म्हणजे पहाटे पाचला सुरू झालेला दिवस रात्री जेवणानंतर मोबाईलवर संपतो, आणि तरी संध्याकाळी मोबाईलवरच्या कार्यालयीन गटावर तालुक्याची क्रमवारी येते, शेवटच्या तिघांची नावं लाल अक्षरात. ही लाल अक्षरं बंद करा. त्यांनी एकही जनावर जास्त टोचलं जात नाही. उलट न टोचलेल्या जनावरांची नोंद होण्याचा मोह वाढतो, आणि साथ आल्यावर ते उघडं पडतं. प्रत्येक पथकासोबत नोंदीसाठी एक वेगळा माणूस द्या, आणि 'आज टोचलं, आजच नोंद' ऐवजी तीन दिवसांची मुदत द्या. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी येऊ शकतं, हे दूध संघांनी फेरीच्या आधी सभासदांना आपल्या तोंडून सांगावं. आम्ही सांगितलं की ती सबब वाटते.

दाखल्यांचा ताण वेगळ्या जातीचा आहे. तो दमवत नाही, पोखरतो. विमा उतरलेलं जनावर मेलं की शवविच्छेदन, बिल्ला आणि दाखला. बिल्ला नाही तर दावा नाही, हा विम्याचा सरळ नियम. पण मृत जनावराच्या कानात बिल्ला नसतो आणि समोर उभा असलेला माणूस खरोखर बुडालेला असतो. शिराळ्याकडं बिबट्यानं शेळी मारली तर भरपाई मिळते, कुत्र्यांनी मारली तर नाही. त्यामुळं 'बिबट्याच लिवा' असा आग्रह होतो, सरपंचांचा फोन येतो, मग त्यांच्याही वरचा येतो. शर्यतीच्या बैलाच्या तपासणीला हीच कथा : बैल लंगडतोय हे सगळ्यांना दिसतं, कागदावर मात्र ते डॉक्टरनं एकट्यानं लिहायचं आणि संध्याकाळी त्याच गावातून घरी जायचं.

इथं कागदाचा नमुना बदलून बरंच साधेल. दाखल्यावर डॉक्टरनं निष्कर्ष न लिहिता फक्त जे दिसलं ते लिहावं, अशी रचना करा. बिबट्याच्या बाबतीत रकाने असे असावेत : गळ्यावर दातांच्या खुणा आहेत का, सुळ्यांच्या भोकांमधलं अंतर किती, कातडीखाली रक्त साकळलं आहे का, ओढून नेल्याच्या खुणा आहेत का. कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जनावर जिवंत असताना पडलेला आहे, नसेल तर मेल्यानंतरचा. हे रकाने भरून फोटो जोडला की डॉक्टरचं काम संपलं. भरपाई द्यायची की नाही हे ज्याच्या हाती पैसे आहेत त्यानं ठरवावं. आज सही एकाची, निर्णय त्याचाच आणि शिव्याही त्यालाच, अशी वाटणी आहे. शर्यतीच्या आणि मोठ्या विम्याच्या दाखल्यांना दोन डॉक्टरांच्या सह्या सक्तीच्या करा. दोघांवर दबाव आणणं दुप्पट अवघड नसतं, चौपट असतं.

आता जे लिहितो आहोत ते आमच्यातल्याही अनेकांच्या लक्षात येत नाही. सततचा थकवा, सांधे आणि कंबर दुखणं, रात्री घाम, मन उदास, कशातच रस नाही. याला आपण 'ताण' म्हणून मोकळे होतो. पण पशुवैद्यकात ही लक्षणं ब्रुसेल्ला या जनावरांतून माणसाला लागणाऱ्या जंतूचीही असू शकतात. गाभडलेल्या गाईचा वार काढताना, साध्या हातमोज्यांनी किंवा मोज्यांशिवाय, हा जंतू अंगात जातो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी ब्रुसेल्लाची लस देतात ती जिवंत जंतूंची आहे. वासरू उसळलं, सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा लस डोळ्यात उडाली, तर तीच आजार देऊ शकते. ताप येतो-जातो, महिनोन्महिने रेंगाळतो, आणि साध्या औषधानं दबतो म्हणून सापडत नाही. निदान झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान सहा आठवडे दोन प्रतिजैविकं घ्यावी लागतात, पण माणूस बरा होतो. म्हणून सर्व पशुवैद्यक, पर्यवेक्षक आणि परिचरांची वर्षातून एकदा सिव्हिलमध्ये ब्रुसेल्लासाठी रक्ततपासणी करा. लसीकरणाला गॉगल द्या. सुई टोचली तर त्याच दिवशी कुठं जायचं आणि कुणाला कळवायचं, हे एका पानावर लिहून प्रत्येक दवाखान्यात लावा. समुपदेशकाकडं पाठवण्याआधी रक्त तपासा, असं आम्ही म्हणू. दोन्ही केलं तर उत्तम.

रेबीजचंही तसंच. गाय लाळ गाळते, गिळत नाही, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, आणि डॉक्टर तोंडात हात घालतो. दोन दिवसांनी गाय पिसाळल्याचं कळतं. पुढचे कित्येक आठवडे त्या डॉक्टरच्या घरात काय वातावरण असतं ते विचारू नका. आधीच घेऊन ठेवायची रेबीजची लस आहे. ती सर्वांना, परिचरांसह, सरकारी खर्चानं द्या. आणि गरोदर महिला डॉक्टरांना ब्रुसेल्लाच्या लसीकरणातून आणि प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनांतून पूर्ण बाजूला ठेवा. ते औषध कातडीतूनही शोषलं जातं आणि गर्भपात घडवू शकतं. त्यासाठी तिला अर्ज करायला लावू नका.

खासगी डॉक्टरांची गोष्ट थोडक्यात. त्यांना पगार नाही, सुट्टी नाही, आणि फी 'दुधाचं बिल आलं की' मिळते. फी मागितली की पुढचा फोन दुसऱ्याला. सांगली-मिरजेत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणाऱ्याला दयामरणाचा निर्णय सांगावा लागतो आणि दहा मिनिटांनी पुढच्या पिल्लाला हसत लस द्यावी लागते. दूध संघांनी रात्रीच्या गटात या डॉक्टरांनाही मानधनावर घ्यावं. गट मोठा होईल, पाळी जास्त दिवसांनी येईल, आणि उधारीवर जगणाऱ्याला महिन्याची निश्चित रक्कम मिळेल.

आता कपाटाची किल्ली. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि स्त्री पशुवैद्यकांत ३.५ पट निघालं. ते आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे इथं चिकटवू नयेत. पण त्यामागचं एक कारण सगळीकडं सारखं आहे : घातक औषधं हाताशी असतात आणि त्यांची माहिती असते. वाईट क्षण बहुतेकदा ओसरतो. तो ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं, यावर जीव वाचतो. म्हणून भुलीची आणि तशी इतर औषधं दवाखान्यात कुलपात राहावीत, किल्ल्या दोन असाव्यात, दोघांच्या सहीशिवाय बाटली निघू नये आणि घरी किंवा मोटारसायकलच्या डिकीत साठा राहू नये. रात्रीच्या गाडीत पेटी असली की डिकीत काही बाळगायची गरजच उरत नाही. हा नियम सगळ्यांना एकसारखा लावा, म्हणजे कुणा एकावर संशय घेतल्यासारखं होणार नाही.

तालुक्याच्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं : नेहमी वेळेवर नोंदी देणारा माणूस अचानक मागं पडू लागला, शस्त्रक्रिया टाळू लागला, क्षुल्लक कारणावरून परिचरावर धावून जाऊ लागला, फोन उचलेनासा झाला, दारू वाढली, तर कारणे दाखवा नोटीस हा पहिला कागद नसावा. आधी समोर बसवून चहा द्या आणि सरळ विचारा. 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' हा प्रश्नही विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आलं तर त्याला एकटं सोडू नका, किल्ली काढून घ्या, घरच्यांना बोलवा आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागात सोबत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. तो दवाखान्याच्या फलकावर नको. तिथं शेतकऱ्यासमोर कोण बघणार? रात्रपाळीच्या फोनमध्ये आणि पगारपत्रकावर असू द्या. रजेच्या वैद्यकीय दाखल्यावरचं आजाराचं नाव कार्यालयातल्या टेबलांवरून फिरू नये, याचा लेखी आदेश काढा. उपचार घेण्यात जी मोठी भीती आहे, ती हीच आहे.

चिडलेल्या घरच्यांशी कसं बोलावं, मृत्यूची बातमी कशी सांगावी, हे साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निसटतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला नाव आपल्याच येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं. तिथून आंतरवासितेला येणाऱ्या मुलांना अनुभवी डॉक्टरांसोबत रात्रीच्या पाळीला पाठवा. बोलणं तिथंच शिकता येतं. आणि सरकारी डॉक्टरवर हात उचलला गेला तर विभागानं स्वतः फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ त्यासाठी आहे. आज डॉक्टरला एकट्याला पोलीस ठाण्यात जावं लागतं आणि तिथं गावच्या दहा लोकांसमोर 'मिटवून घ्या' ऐकावं लागतं. मोबाईलवर फिरलेल्या चित्रफितीवरून चौकशीआधीच निलंबनही नको.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा-वारणाकाठी मेलेली जनावरं उचलणं, जगलेल्यांना टोचणं आणि पंचनाम्यांवर सह्या करणं हे सगळं याच लोकांनी केलं. २०२२ ला लम्पीत पुन्हा तेच. तिन्ही वेळा कामाचा आढावा झाला, माणसांचा नाही. पुढच्या वेळी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडं जाऊ लागलं की पूरभागातल्या डॉक्टरांना बदली पथक कुठून येणार, हे आतापासून ठरवा. दहा दिवसांनंतर सक्तीची तीन दिवस रजा त्यातच धरा.

लाळ्या-खुरकुताची पुढची फेरी सुरू होण्याआधी एक बैठक द्यावी, ही विनंती. तुमच्याकडून तीन कागद हवेत : गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक दवाखान्यात रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत झालेल्या भेटी, आज चालू असलेल्या अतिरिक्त कार्यभारांची यादी त्यांच्या तारखांसह, आणि नाकारलेल्या रजांचे अर्ज. आम्ही वाळवा आणि जत या दोन तालुक्यांची गटवारी नकाशावर मांडून, गाडीच्या पेटीची यादी आणि दाखल्यांचे नवे नमुने घेऊन येऊ. वेळ दुपारची ठेवावी.

आपले,
सांगली जिल्ह्यातले काही शासकीय आणि खासगी पशुवैद्यक